दहा लाख ओळी, चार जीबी रॅम

समजा, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत मजूर पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे १,२०० माणसे आहेत. प्रत्येक जण दिवसातून चार वेळा अंगठा लावतो: येताना, जेवायला जाताना, जेवून परतताना आणि सुटताना. महिन्याचे २६ दिवस भरले तर हजेरीच्या यंत्रातून १,२४,८०० ओळी निघतात. कंत्राटदाराचा कारकून एप्रिलपासून त्या एकाखाली एक चिकटवत जातो. नोव्हेंबर संपताना पान ९,९८,४०० ओळींवर पोहोचते आणि डिसेंबर अर्धा व्हायच्या आत एक्सेल हात वर करते. एका पानावर १०,४८,५७६ ओळी, पुढे एकही नाही.

पण हा कारकून डिसेंबरपर्यंत पोहोचतच नाही. त्याच्या टेबलावरच्या संगणकाला चार जीबी रॅम आहे. त्यातली निम्मी विंडोज आणि व्हायरस पकडणारे सॉफ्टवेअर सकाळीच खाऊन बसतात. ऑगस्टमध्येच फाइल उघडायला इतका वेळ लागतो की बटण दाबून चहा पिऊन यावे. मग पडदा पांढरट होतो, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी लागते, आणि कोणीतरी सल्ला देते, ‘रॅम वाढवून घे.’ हा सल्ला कधी बरोबर असतो, पुष्कळदा अपुरा असतो आणि काही वेळा साफ फुकट जातो. तो केव्हा काय असतो आणि त्याखेरीज कोणकोणते मार्ग आहेत, हे तपासण्यासाठी हा आढावा.

बिडकीनच का, तर हा प्रश्न ज्यांना भेडसावतो ती माणसे इथे झपाट्याने वाढत आहेत. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधल्या ‘ऑरिक’ शहराची शेंद्र्याला सुमारे दोन हजार एकर जमीन आहे, बिडकीनला सुमारे आठ हजार. २९ सप्टेंबर २०२४ रोजी बिडकीनच्या भागाचे राष्ट्रार्पण झाले. त्याआधी जुलैत टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी करार केला. एथर, जेएसडब्ल्यू, लुब्रिझोल ही नावेही येऊन गेली. या बड्यांकडे स्वतःचे सर्व्हर असतात, एसएपीसारख्या प्रणाली असतात. त्यांना लाख-दहा लाख ओळींचे काही वाटत नाही. अडचण त्यांच्या भोवती उभ्या राहणाऱ्यांची: वाहतूकदार, सुटे भाग करणारे, कँटीनवाले, कर सल्लागार, पैठण रस्त्यावरचे ई-सेवा केंद्र, ग्रामपंचायतीचा संगणकचालक. मोठ्या प्रणालीतून कोणीतरी ‘एक्सपोर्ट टू एक्सेल’चे बटण दाबतो आणि ती फाइल ई-मेलने येऊन या छोट्या संगणकावर आदळते. डेटा कंपनीच्या मापाचा, यंत्र किराणा दुकानाच्या मापाचे.

यंत्रांकडूनही तेच. कारखान्यातल्या एखाद्या भट्टीचे तापमान दर सेकंदाला नोंदवले तर दिवसाला ८६,४०० ओळी होतात. एक यंत्र, एक मापक, आणि बारा दिवस सव्वातीन तासांत एक्सेलचे पान भरते.

प्रश्न मात्र जुनाच आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ १९७९ मध्ये ॲपल-२ वर आले. १९८३ च्या ‘लोटस १-२-३’ने आयबीएम पीसी घरोघर नाही तरी ऑफिसोऑफिस नेला. त्या पीसीवर प्रोग्रॅमला ६४० केबीच मेमरी मिळे आणि लोकांची लोटसची पाने तिच्यात मावेनाशी झाली. शेवटी १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनी एकत्र बसून जादा मेमरी जोडण्याचे एक मानक ठरवले. म्हणजे ‘रॅम वाढवून घे’ या सल्ल्याला चाळीस वर्षे झाली. मेमरी हजारो पटींनी वाढली, पाने तिच्या मागोमाग वाढली.

ओळींची मर्यादाही अशीच सरकत गेली. एक्सेल २००३ पर्यंत एका पानावर ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने. २००७ पासून १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने. जुनी मर्यादा इतिहासजमा झाली असे समजू नये. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोरोना चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फायलींतून पुढे जात होते. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी होत, त्यामुळे एका फाइलीत सुमारे १,४०० रुग्णच मावत आणि उरलेले गळून पडत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ रुग्ण असे गळले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कोणी कळवलेच नाही. फाइल ‘उघडली’ होती, कोणाला काही खटकले नव्हते.

ही गळती बिडकीनमध्येही रोज होऊ शकते. पंधरा लाख ओळींची सीएसव्ही, म्हणजे साधी मजकूर फाइल, एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडा. फाइल पूर्ण आली नाही, असा एक छोटा इशारा येतो. घाईतला माणूस ‘ओके’ दाबतो, चार दुरुस्त्या करतो आणि जाता जाता ‘सेव्ह’ करतो. त्याच नावाने जतन झालेल्या फाइलीत आता दहा लाख अठ्ठेचाळीस हजार ओळी आहेत. साडेचार लाख कायमच्या गेल्या. म्हणून पहिला नियम असा की आलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, तिला ‘रीड ओन्ली’ करावे आणि काम नेहमी प्रतीवर करावे.

आता मेमरीची भिंत. ३० एमबीची फाइल चार जीबीच्या संगणकाला का झेपत नाही? उत्तर फाइलीच्या पोटात आहे आणि ते कोणालाही पाहता येते. एखाद्या एक्सएलएसएक्स फाइलीची प्रत काढा, तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत फोल्डर दिसतात, कारण एक्सएलएसएक्स ही मुळात एक झिपच आहे. पानाची फाइल त्यातून काढून नोटपॅडमध्ये पाहिली तर प्रत्येक चौकटीभोवती खुणांचे कुंपण दिसते: ही चौकट सुरू, हिचा पत्ता अमुक, प्रकार अमुक, किंमत अमुक, चौकट संपली. पाच अंकी रकमेसाठी चार-पाच पट मजकूर. तोच तोच मजकूर असल्याने झिप त्याला चेपून लहान करते, पण एक्सेलला काम करायचे तर ते सगळे सोडवून रॅममध्ये मांडावेच लागते. शिवाय सूत्रांचे परस्परसंबंध, रंग, किनारी आणि ‘अनडू’साठी राखलेला इतिहास हे आणखी वेगळे. पायथॉनमध्ये एक्सेल फायली वाचणाऱ्या ‘ओपनपायएक्सएल’च्या कर्त्यांनी तर ढोबळ आकडाच देऊन ठेवला आहे: मेमरी फाइलीच्या सुमारे पन्नास पट लागते, ५० एमबीच्या फाइलीला अडीच जीबी.

मराठी मजकुराची इथे एक खास गोष्ट आहे. ‘बिडकीन’ हे नाव रोमन लिपीत सहा अक्षरांचे, म्हणजे सहा बाइट. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या धरून सहाच चिन्हे होतात, पण यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, एकूण अठरा. ‘छत्रपती संभाजीनगर’ला मधल्या जागेसकट ४९ बाइट. दहा लाख ओळींच्या सीएसव्हीत जिल्ह्याचा रकाना असेल तर नुसत्या त्या एका नावाने सुमारे ४९ एमबी जागा अडवली. एक्सएलएसएक्समध्ये असे वारंवार येणारे शब्द एका सामाईक यादीत एकदाच लिहितात आणि चौकटीत फक्त त्याचा क्रमांक ठेवतात, म्हणून तिथे फटका कमी बसतो. पण मुळात सगळी यादी एकाच जिल्ह्याची असेल तर तो रकाना हवाच कशाला? गावाच्या नावाऐवजी २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गाव-संकेतांक ठेवला तर जागा वाचते आणि दुसरा त्रासही जातो. एकाने ‘बिडकीन’ लिहिले, दुसऱ्याने ‘बिडकिन’, तर पिव्होट टेबलात दोन गावे उभी राहतात. नावे शेवटी, अहवाल छापताना जोडावीत.

‘रॅम वाढवून घे’कडे परत येतो. आधी एक्सेलमध्ये ‘फाइल’, ‘अकाउंट’, ‘अबाउट एक्सेल’ असे जाऊन ते ३२-बिट आहे की ६४-बिट, हे पाहावे. ३२-बिट एक्सेलला मुळात दोन जीबीच मेमरी वापरता येई. २०१६ च्या सुमाराच्या सुधारणेनंतर ६४-बिट विंडोजवर ती चारपर्यंत गेली. संगणकात सोळा जीबी घातली तरी हे एक्सेल त्याच्या पलीकडे हात घालत नाही. ऑफिस २०१९ पासून ६४-बिट हाच नेहमीचा पर्याय झाला, पण जुन्या दुकानांत, जुन्या सीडीवरून बसवलेली ३२-बिट ऑफिसे अजून चालू आहेत. तिथे रॅम विकत घेणे म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसे, रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला. याउलट ६४-बिट एक्सेल आहे, रॅम चार जीबी आहे आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, तर पैसे खर्च करणे शहाणपणाचे. रॅम संपली की विंडोज डिस्कचा एक तुकडा रॅमसारखा वापरते, आणि फिरत्या डिस्कवर ते इतके मंद असते की संगणक मेला असेच वाटते. आठ जीबी रॅम आणि एसएसडी यांनी छोट्या कार्यालयाचा बराचसा त्रास कमी होतो; हा फायदा थोडा समजू नये. त्रास परत येतो तो वाढलेल्या फाइलीबरोबर.

खर्च न करता फाइल हलकी करण्याचे उपाय सगळ्यांना थोडेफार माहीत असतात. कंट्रोल-एंड दाबून कर्सर कुठे जातो ते पाहावे. डेटा पाचशे ओळींत संपतो आणि कर्सर नऊ लाखाव्या ओळीवर जाऊन बसतो, याचा अर्थ बहुधा कोणीतरी पार खालपर्यंतच्या रिकाम्या चौकटींना रंग किंवा किनार दिली आहे. त्या रिकाम्या ओळी काढून टाकून फाइल जतन केली की ती पुष्कळदा बरीच लहान होते. काम झालेल्या सूत्रांच्या जागी नुसत्या किमती चिकटवाव्यात. एक्सएलएसबी या प्रकारात जतन केले तर फाइल लहान होते आणि लवकर उघडते. गणित ‘मॅन्युअल’वर टाकून हवे तेव्हा एफ-९ दाबावे. यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग व्हीलूकअप. दोन लाख ओळींत प्रत्येकी एक व्हीलूकअप, शेवटी ‘फॉल्स’ आणि शोधायचा तक्ता क्रम न लावलेला, म्हणजे निदान जुन्या एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीसाठी सापडेपर्यंत वरून खाली शोध. दुसरा तक्ताही तेवढाच लांब असेल तर तुलना हजारो कोटींच्या घरात जातात. अशा वेळी अडलेली असते ती प्रोसेसरची गती, रॅम नव्हे. पण बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. टास्क मॅनेजर उघडून मेमरीची पट्टी भरली आहे की प्रोसेसरची, एवढे पाहिले तरी निदान होते.

हे सगळे करून दोन-तीन लाख ओळींपर्यंत निभते. पलीकडे गेल्यावर माझे मत स्पष्ट आहे: फाइल उघडायचीच नाही. स्प्रेडशीट हे पाहण्याचे आणि थोडे हिशेब करण्याचे साधन. आपण त्याचे गोदाम करून टाकले. दहा लाख ओळी डोळ्यांनी कोणी वाचत नाही. कोणाची किती हजेरी भरली, कोणत्या पुरवठादाराचे किती कर-क्रेडिट दिसत नाही, कोणत्या मंडळात किती पाऊस, अशी ठरावीक उत्तरे हवी असतात आणि ती शंभर-दोनशे ओळींत मावतात. प्रश्न आधी ठरवला की कोणते रकाने लागणार हे कळते, आणि चाळीसपैकी पाच रकाने उचलले की मेमरीचा निम्माअधिक प्रश्न तिथेच संपतो.

सीएसव्ही किंवा साधी मजकूर फाइल इथे कामाला येते. तिच्यात एक ओळ म्हणजे एक नोंद. वाचून झाली की सोडून देता येते. वजनकाट्यावर दिवसभरात उसाच्या तीनशे गाड्या येतात म्हणून कोणी तीनशे गाड्या मावतील एवढा काटा बांधत नाही. एक गाडी चढते, वजन लिहिले जाते, ती उतरते. बेरीज, मोजणी, सरासरी, सर्वांत मोठा आकडा ही कामे अशीच होतात आणि त्यांना काही एमबी मेमरीसुद्धा पुरते. क्रम लावणे अवघड, कारण त्यासाठी सगळे समोर लागते. तरी त्यालाही जुना उपाय आहे: तुकडे करा, प्रत्येक तुकडा लावून डिस्कवर ठेवा, मग लावलेले तुकडे विणत जा. चुंबकीय फितीच्या काळात मेमरी काही केबी असताना लोक हेच करत. भविष्य निर्वाह निधीची मासिक ईसीआर फाइलही अशीच साधी मजकूर फाइल असते. नाव, पगार, वर्गणी यांच्यामध्ये #~# ही खूण, बस्स.

सीएसव्हीत मराठी माणसाला दोन-तीन खड्डे हमखास लागतात. पहिला अक्षरांचा. यूटीएफ-८ मधली मराठी सीएसव्ही दोनदा क्लिक करून उघडली की गावांच्या आणि माणसांच्या नावांच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलने ती चुकीच्या चष्म्यातून पाहिलेली असते. ‘डेटा’ टॅबवरून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घेऊन ६५००१ हा संकेत निवडला की नावे जागेवर येतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या याद्या मात्र अशा दुरुस्त होत नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्याच लागतात, नाहीतर शोध आणि क्रम दोन्ही खोटे पडतात.

दुसरा खड्डा गट क्रमांकांचा. एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत ७/१२ असे इंग्रजी आकड्यांत टंकून पाहा. भारतीय मांडणीचा संगणक असेल तर ७ डिसेंबर उमटतो! सातबाऱ्याचीच ही गत, तर गट क्रमांक १२/३ चा १२ मार्च होण्यात नवल नाही. आणि हा नुसता दिसण्याचा बदल नाही. चौकटीत खरोखर तारीख जाऊन बसते आणि पुन्हा सीएसव्हीत जतन केली की मूळ पोटहिस्सा नाहीसा होतो. जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांना याच सवयीने इतके छळले की २०२० मध्ये नामकरण समितीने ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा जनुकांची नावेच बदलली. आपल्याला गट क्रमांक बदलता येत नाहीत. म्हणून आयात करतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ ठरवावा. बँक खात्यांचेही तसेच: एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक राहते, सोळाव्यापासून पुढे शून्य घालते. आधारचे बारा आकडे वाचतात, सोळा आकडी खाते नाही. अनुदानाच्या यादीत शेवटचा आकडा शून्य झाला तर पैसे परत येतात, आणि शेतकरी तहसीलला हेलपाटे घालतो.

साधनांपैकी पहिले बहुतेकांच्या संगणकात आधीच असते आणि कोणी ते उघडत नाही. एक्सेल २०१६ पासून ‘पॉवर क्वेरी’ आतच आहे. कोरी वही उघडायची, ‘डेटा’मधून फाइल निवडायची, पण ‘लोड’ दाबायचे नाही. आधी नको ते रकाने काढायचे, हवे ते गाव किंवा महिना गाळून घ्यायचा, बेरीज गटवार करायची आणि मगच निकाल पानावर उतरवायचा. बारा महिन्यांच्या बारा फायली एका फोल्डरमध्ये ठेवल्या तर ती त्या एकत्र वाचते. पुढच्या महिन्याची फाइल टाकून ‘रिफ्रेश’ दाबले की झाले. एक सावधगिरी: ती पहिल्या दोनशे ओळी पाहून रकान्याचा प्रकार स्वतःच ठरवते. पहिले दोनशे गट क्रमांक साधे आकडे असतील आणि पुढे १२/३ आला तर तिथे ‘एरर’ येतो. ‘चेंज्ड टाइप’ नावाची ती पायरी खोडून प्रकार आपण ठरवावा.

सगळ्याच ओळी हव्या असतील तर त्या पानावर न उतरवता ‘डेटा मॉडेल’मध्ये घालता येतात. तिथे दहा लाखांची मर्यादा नाही आणि माहिती रकान्यांनुसार साठते. एका रकान्यात तीसच गावे असतील तर तीस नावे एकदा लिहून पुढे छोटे क्रमांक. म्हणून जी माहिती पानावर मावत नाही ती मॉडेलमध्ये पुष्कळदा आरामात मावते. अर्थात हे मॉडेलही रॅममध्येच राहते, आणि प्रत्येक ओळीत वेगळा असणारा रकाना, जसे पावती क्रमांक किंवा सेकंदासकट वेळ, त्याचा सगळा फायदा खाऊन टाकतो. वेळेतून तारीख वेगळी काढून सेकंद सोडून दिले तर फरक लगेच दिसतो.

गूगल शीट्सबद्दल लोकांचा समज असतो की ढगात गेले म्हणजे मर्यादा संपली. तिथे मर्यादा चौकटींची आहे: एक कोटी. चाळीस रकाने असतील तर अडीच लाख ओळी, म्हणजे एक्सेलच्या चौथाईपेक्षाही कमी. लिब्रेऑफिस मोफत आहे, मराठीतही मिळते, पण तेही पूर्ण फाइल रॅममध्येच घेते. या प्रश्नावर ते एक्सेलच्या पुढे नाही. ॲक्सेसची फाइल दोन जीबीला थांबते. आणि ‘मोठी फाइल तोडून द्या’ म्हणणाऱ्या फुकट संकेतस्थळांवर मजुरांचे आधार आणि खाते क्रमांक चढवणे हा मूर्खपणाच आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा असो वा नसो, दुसऱ्याच्या माहितीचे आपण राखणदार आहोत, मालक नाही.

खरा मार्ग डेटाबेसचा, आणि तो वाटतो तितका जड नाही. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये काढलेले ‘एसक्युलाइट’ आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही; एक फाइल म्हणजे एक डेटाबेस. माहिती डिस्कवर राहते आणि लागेल तेवढीच रॅममध्ये येते, त्यामुळे चार जीबीच्या संगणकावर दोन कोटी ओळीही चालतात. ‘डीबी ब्राउझर’ हे मोफत सॉफ्टवेअर त्याला एक्सेलसारखा चेहरा देते: सीएसव्ही आयात करा, कर्मचारी क्रमांकावर ‘इंडेक्स’ लावा, शोध क्षणात. वर ज्या व्हीलूकअपपुढे प्रोसेसर अडतो ते काम इंडेक्स असलेल्या दोन तक्त्यांच्या जोडणीत चुटकीसरशी होते.

गेल्या काही वर्षांतली सर्वांत चांगली भर म्हणजे ‘डकडीबी’. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत मार्क रासफेल्ट आणि हानेस म्यूहलआयझेन यांनी ते घडवले. २०१९ मध्ये लोकांसमोर आले, २०२४ च्या जूनमध्ये पहिली पक्की आवृत्ती निघाली. ते रकान्यांनुसार काम करते, सीएसव्हीला आधी कुठे आयात न करता थेट प्रश्न विचारू देते आणि दिलेली मेमरी भरली की उरलेले डिस्कवर सांडून पुढे जाते. ‘एक जीबीच्या वर जाऊ नकोस’ असे त्याला एका ओळीत बजावता येते. एसक्युएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा शिकावी लागते हे खरे. पण सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय एवढ्या चार शब्दांवर कार्यालयातली बहुतेक कामे निघतात. ज्याला व्हीलूकअप जमते त्याला हे आठवड्यात जमेल.

पायथॉनचे नाव यूट्यूबवर सगळ्यात जास्त ऐकू येते. त्यातले ‘पांडाज’ चांगले आहे, पण सरळ वापरले तर तेही अख्खी फाइल रॅममध्ये ओढते. सीएसव्ही तुकड्यातुकड्याने वाचण्याची सोय त्यात आहे, एक्सेल फाइलीसाठी ती नाही; तिथे ओपनपायएक्सएलची ‘रीड ओन्ली’ पद्धत वापरून एकेक ओळ घ्यावी लागते. रोज तेच काम करायचे असेल तर शिकावे. वर्षातून दोनदा लागत असेल तर पॉवर क्वेरी पुरे.

कोणताही मार्ग घ्या, दोन आकडे आधी कागदावर लिहून ठेवावेत: मूळ फाइलीतल्या ओळी किती आणि रकमेच्या रकान्याची बेरीज किती. तुकडे करून, गाळून, जोडून झाल्यावर ते दोन्ही जुळले पाहिजेत. इंग्लंडमध्ये एवढेच कोणी पाहिले असते तर १५,८४१ माणसे हरवली नसती.

शासनाच्या बाजूनेही बरेच करण्यासारखे आहे. एक रुपयातल्या पीकविम्याच्या पहिल्या खरिपात, २०२३ मध्ये, राज्यात सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. एका अर्जाला एक ओळ धरली तरी एक्सेलची सतरा पाने. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आहे, हंगामागणिक तिच्या नोंदी साठतात. पावसाचे घ्या: राज्यात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळे आहेत आणि प्रत्येकी एका केंद्राने दर दहा मिनिटांनी एक नोंद केली असे धरले तर चौथ्या दिवशीच पान भरते. ही माहिती खाली येताना एक्सेलमध्ये, रंगीत शीर्षकांसह, जोडलेल्या चौकटींसह येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पीडीएफमध्ये. बिडकीन मंडळापुरती हवी असली तरी पूर्ण जिल्ह्याची फाइल उतरवावी लागते. तालुकानिहाय, महिनानिहाय तुकडे, साधी सीएसव्ही आणि गाव-संकेतांक एवढे दिले तर कोणत्याही ग्रामपंचायतीला नवा संगणक न घेता ती वापरता येईल.

एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या गावागावांत एक्सेल नेले, हे मोठेच काम. पुढची पायरी मात्र कोणी शिकवत नाही. बेरीज, व्हीलूकअप, पिव्होट आणि मग थेट ‘डेटा सायन्स’चा लाखभर रुपयांचा वर्ग. मधल्या जागेत पॉवर क्वेरी आणि चार शब्दांची एसक्युएल बसते, आणि कंत्राटदार, सीए, सेवा केंद्रवाले यांना हवे आहे ते नेमके हेच.

तोवर हजेरीचे यंत्र, वजनकाटा किंवा बिलिंगचे सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: डेटा सीएसव्हीत मिळेल का, दोन तारखा देऊन तेवढाच काढता येईल का, मराठी युनिकोडमध्ये आहे का, आणि कर्मचारी क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये शाबूत राहतात का. तो ‘एक्सेलमध्ये सगळे मिळते’ म्हणाला तर दहा लाख ओळींची नमुना फाइल मागावी आणि ती आपल्याच संगणकावर, त्याच्यासमोर उघडून दाखवायला सांगावी.